तिसरं बोट

"तीन बोटं," त्या म्हणायच्या. एवढंच.

दाढ ठणकते म्हणून आलेला माणूस गाल धरून खुर्चीत बसायचा, आ करून दाढ दाखवायला लागायचा, आणि मॅडम त्याच्यापुढे आपली तीन बोटं धरायच्या, एकावर एक, उभी. "अशी. तुही बोटं, तुह्या तोंडात. दाढ काही पळून नाही चालली." मग बँकेतला साहेब असो की मालधक्क्यावरचा हमाल, लहान पोरासारखी तीन बोटं दातांच्या मध्ये उभी धरून बसायचा. ते बघून झाल्यावरच मॅडम आरसा हातात घ्यायच्या.

तुम्ही म्हणाल, दाताच्या डॉक्टरला बोटांचं काय. मलाही तसंच वाटलं होतं. चांगल्या तोंडात ज्याची त्याची तीन बोटं मावतात. कोणी बघत नसेल तर तुम्ही आत्ता करून पाहा. माझी मावली नव्हती.

मी भातकुलीकडची. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन अकोल्याला आले आणि गल्लीतल्या बायांबरोबर डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाऊ लागले. मॅडमचा मोठा दवाखाना अमरावतीला. अकोल्याला त्या मंगळवारी आणि शुक्रवारी बडनेऱ्याहून गाडी धरून यायच्या. मेडिकलच्या दुकानाशेजारून जिना चढला की त्यांची खोली. आत खुर्ची, बाहेर बाक. भिंती कोऱ्या. बाकीच्या दवाखान्यांत किडक्या दाढांची मोठी मोठी चित्रं असतात, तसं काही नव्हतं. एकानं विचारलं तर म्हणाल्या, "येणारा आंदीच भेलेला असते. त्याले आखीन भुतं काहून दाखवू?"

बोलणं असं. आमच्यासारखंच. आमच्याकडे बाई पण "मी पाहतो, मी येतो" म्हणते. पुण्यात त्यावर पोरी हसतात. मॅडम एवढ्या शिकलेल्या, पण "मी पाहतो"च म्हणायच्या. मिलमधल्या काही बायांना तो कमीपणा वाटायचा. "डॉक्टरीन हाये का आपल्या गल्लीतली?" त्या म्हणायच्या, आणि दाढ दुखली की तिथंच जायच्या.

आणखी एक. काम करताना मॅडम गुणगुणायच्या. गाणं कोणतं ते कधी कोणाला ओळखता आलं नाही, बहुतेक त्यांनाही येत नसावं. नाकातल्या नाकात, दोन घरं सोडून कोणी मिक्सर लावावा तसा आवाज. बाकावर बसलेल्यांना त्याचा अर्थ पाठ होता. आत मिक्सर चालू आहे तोवर भिऊ नये. तो थांबला की बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायची आणि कोणी तरी हळूच चपला सरकवायचं.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती सासूची कवळी घेऊन. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. आत्याबाईची कवळी आधी दुसरीकडे केलेली, आणि ती स्टीलच्या डब्यात राहायची. लग्नाला जाताना तोंडात, जेवायच्या वेळी पुन्हा डब्यात. मॅडमनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "शुक्रवारी येताना भाकर आणा. आन् ठेचा."

शुक्रवारी आत्याबाई खुर्चीत बसली, मांडीवर ज्वारीची भाकर.

"इथं खाऊ? या खुर्चीवर?"

"मंग काय, तुमी घरी खासान आन् मी इथून पाहू?"

आत्याबाई लाजत लाजत खायला लागली. भाकरीचा भुगा खुर्चीवर, अंगावर. मॅडम गुणगुणत बघत होत्या. कुठं टोचतं, कुठं उचलतं, ते पाहून कवळी काढायच्या, घासायच्या, पुन्हा बसवायच्या. "आता खा." पुन्हा घासायच्या. "कवळी काही फोटोत हासाले नसते, आत्याबाई. भाकरीसाठी असते." शेवटी आत्याबाईनं ठेच्यासकट घास चावला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिरचीचं होतं की कशाचं ते तिनं सांगितलं नाही. आनंदात तिनं एक तुकडा मला पण दिला, वर ठेचा लावून.

मी ठेचा बोटानं पुसून काढला, भाकरीचा नखाएवढा तुकडा केला आणि पाण्याबरोबर गिळला. मॅडमचं लक्ष कवळीवर होतं, असं मला वाटत होतं.

"सुनबाई, ठेचा काहून नाही घेतला?"

"आग होते."

"तीन बोटं," त्या म्हणाल्या.

दोन गेली. तिसरं दातांवर अडून राहिलं. मी जोर लावला. कानाच्या मुळाशी कळ आली, बोट आत गेलं नाही.

"आत्याबाई, तुमी जरा बाहेर बसा. इथं हवा कमी पडते."

वर पंखा गरागरा फिरत होता. आत्याबाई त्याच्याकडे बघत बाहेर गेली. दार लागलं तसं मी म्हटलं, "मी खर्रा खात नाही."

"म्या विचारलं का?"

खर्रा आमच्याकडे सगळ्यांना माहीत. तुम्ही दुसरीकडचे असाल तर सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, आणि चिमूट गालात धरतात. बाया खातात ते कोणी बोलत नाही. मिलमध्ये डाळीची धूळ उडते, घसा बसतो. गालात खर्रा असला की धूळ गालातच अडकते, घशात उतरत नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चौदाव्या वर्षापासून वेगवेगळ्या कामांवर मी हेच ऐकलं होतं आणि कधी शंका घेतली नव्हती.

मॅडमनी दिवा खाली ओढला. उजवा गाल बघितला. गुणगुणणं चालू होतं. जीभ वर करून बघितली. चालू होतं. डावा गाल आरशानं बाजूला केला, आणि थांबलं.

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि दाखवलं. गालाच्या आत चामड्यासारखं पांढरट, घट्ट झालेलं. आणि मागे, दाढेजवळ, एक वेगळाच डाग. हरभऱ्याच्या डाळीएवढा. दिवसभर डाळच बघणाऱ्या मला तेवढंच माप सुचलं.

"गाल आखडला, थे खर्र्यानं," त्या म्हणाल्या. "थे हळूहळू सैल करता येते. मले काळजी या डागाची आहे. पंधरा दिवस गालाले सुट्टी दे. डाग गेला तर गेला. नाही गेला तर तुकडा काढून तपासाले पाठवू."

तुकडा म्हटल्यावर मी आरसा परत दिला. आमच्या ओळीत कमलाबाई निवडायला बसायची. तिच्या गालाचा तुकडा काढला होता, आणि त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तेव्हापासून मिलमध्ये सगळ्या बायांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लोखंड लागलं की ते भडकतं. न छेडता ठेवलं तर माणूस तसाच राहतो. मी मॅडमना हे बोलले नाही. एवढंच म्हटलं, "खर्रा नाही सुटला तर?"

"खाल्ला तरी ये."

मी उठता उठता परत बसले.

"खरं सांगतो. लोकं खातात, मंग लाजतात, मंग येतच नाहीत. न येण्यापेक्षा खाऊन आलेली बरी. दोनी दिवस ये. मंगळवारी, शुक्रवारी."

आणि मी खाल्ला. दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी खाल्ला. मंगळवारी जिन्यावर पाय उचलत नव्हता, पण त्या खाल्ला तरी ये म्हणाल्या होत्या, म्हणून गेले. सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "केव्हा खाल्ला?" "मशीन चालू झाल्यावर. धूळ उडाली का जीव घाबरते." त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे आपल्याले धुळीचं पाहा लागन." ड्रॉवरमधून सुती कापड काढलं, दुहेरी घडी घातली, ओलं करून नाकातोंडावर कसं बांधायचं ते स्वतःच्या तोंडावर बांधून दाखवलं. वर सोपीची, म्हणजे बडीशेपेची, पुडी दिली, गालात धरायला. मिलमध्ये मी तसं बांधून बसले तर बाया म्हणाल्या, "हे पाहा, डाकू आली." दोन दिवसांनी शेजारणीनं विचारलं, "काहून व, घसा बसून नाही राहिला तुहा?"

त्या पंधरवड्यात मला मॅडमची थोडी ओळख झाली. मी लवकर जाऊन बसायची, आणि रोगी नसला की त्या बोलायच्या. वडील चांदूर रेल्वेला पॉइंट्समन. आजी विहारातून घरी आली की पाणी प्यायच्या आधी विचारायची, आज काय शिकली. पोरगी दाताची डॉक्टर होणार म्हटल्यावर शेजारी म्हणाले, दाढ उपटाले गडी लागते, हिच्यानं काय होते. "मले पण थेच वाटे," त्या म्हणाल्या. "मंग शिकलो. दाढ जोरानं नाही निघत व. जरा जरा हलवाची आन् वाट पाहाची. हाडच सोडते तिले."

शिक्षण नागपूरला झालं. नंतर काही वर्षं तिथल्याच एका मोठ्या कॅन्सरच्या दवाखान्यात, तोंडाच्या विभागात. त्याबद्दल त्या सांगत नसत. एकदाच म्हणाल्या, तेही हात धुता धुता, पाठमोऱ्या. "तिथं सगळे उशिराच येत. रोज उशिराच. एक दिवस म्या म्हटलं, आपुन लवकरच्या जागी जाऊन बसू. म्हून इथं येऊन बसलो."

मग पंधरवडा भरला. दिवा खाली आला. उजवा गाल, जीभ, डावा गाल. मिक्सर थांबला.

"गेला नाही," मॅडम म्हणाल्या. "तुकडा काढा लागन. अमरावतीले ये, तिथं सामान आहे."

मी खुर्चीतून उठले आणि पदर आवरत म्हटलं, "मी नाही येत."

"काहून?"

"लोखंड लागलं का भडकते."

त्या हसल्या असत्या तर मी परत कधी गेले नसते. त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "कोनाचं भडकलं?"

मी कमलाबाईचं सांगितलं.

"तिले डाग कधीपासून होता?"

"दिवाळीपासून सांगे. तोंडात भाकर धरत नव्हती."

"आन् दाखवलं कधी?"

"पेरणी झाल्यावर."

"म्हंजे दिवाळीपासून पेरणीपर्यंत लोखंड नव्हतं. तरी वाढतच होतं. हो का नाही?" त्यांनी माझ्या गालाकडे बोट केलं. "तुही खालची दाढ नाही दिसत. कोनी काढली?"

"लग्नाआंदी काढली. अमरावतीच्याच डॉक्टरनं."

"कशानं? लाकडानं?"

मला हसू आलं, आणि हसताना गाल ताणून दुखला.

"कमलाबाई लोखंडानं नाही गेली, बाई," त्या हळू म्हणाल्या. "उशिरानं गेली. तुले उशीर नाही झाला. आज तरी नाही. दिवाळीपर्यंत थांबशीन तर मी काही सांगू शकत नाही."

घरी मी माहेरी जाते म्हणून सांगितलं. नवरा ट्रकवर होता, त्याला फोनवर हे कसं सांगायचं ते कळलं नाही, म्हणून त्यालाही माहेरच सांगितलं. अमरावतीच्या बसमध्ये बडनेरा येईपर्यंत मी परत फिरायचं ठरवत होते. दवाखाना मोठा होता, पण भिंती तिथंही कोऱ्या. ते बघून पाय आत गेला.

मॅडम प्रत्येक गोष्ट आधी सांगायच्या आणि मग करायच्या. "आता सुई. मुंगी चावन." "आता गाल जड होईन." "आता मी ओढन, दुखणार नाही, ओढलं समजन." दुखलं नाही, पण खोलीत काही आवाजच नव्हता. माझे डोळे मिटलेले. शेवटी राहवेना, हात वर केला. त्या थांबल्या.

जड जिभेनं म्हटलं, "मॅडम, तुमी गात नाही राहिल्या."

"मी गातो?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या मदतनीस बाईनं मान खाली घातली. मी तोंडात बोळा घेऊन, जमेल तसं सांगितलं, की गुणगुणणं थांबलं की लोकं भेतात.  मग त्यांनी काम परत सुरू केलं आणि मुद्दाम गुणगुणू लागल्या. माझ्यासाठी. ते इतकं बेसूर आणि सांभाळून केलेलं होतं की मला जास्तच भीती वाटली. "नोको, नोको," मी हातानं खुणावलं. त्यांनी बंद केलं. "बरं. बारीक काम आहे, गप्पच बसतो," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतरची शांतता मला सोसवली.

अकोल्याला परत आले ती दाढ काढली म्हणून सांगत. आत्याबाईनं पुढं ताट सरकवलं. ताटात पातळ वरण आणि मऊ भात आला, तिखटाचा कणही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आत्याबाई, तुम्ही तरी ठेचा घ्या, कवळी चांगली बसली आता. ती वरण ढवळत राहिली.

"म्या पण निवडलं व मिलमंदी. तुह्यापेक्षा जास्त. माह्या गालात काय होतं वाटते तुले? पेढा? दात काय उगीच गेले?" मग थोड्या वेळानं, "हवा कमी पडते म्हने. पंखा तं फिरून राहिला होता."

तपासणीचा निकाल यायचा होता. मॅडमचा एक नियम होता. फोनवर कोणालाही निकाल सांगायचा नाही, चांगला असो की वाईट. फोन आला, "मंगळवारी ये." "कसा आला मॅडम?" "मंगळवारी." त्यांच्या आवाजावरून काही कळतं का म्हणून मी तो फोन मनात पुन्हा पुन्हा ऐकला. मिलमध्ये हात चालत होते आणि खड्यांसकट चांगली डाळ टाकून देत होते.

मंगळवारी आत्याबाई बरोबर आली. न विचारता. बाकावर आमच्या आधी एक जोडपं होतं. ते आत गेलं. मिक्सर नव्हता. दार उघडलं, माणूस पुढे आला, त्याच्या मागे बायको. त्याचा हात तिनं असा धरला होता, जसा रस्ता ओलांडताना पोराचा धरतात. दोघं जिना उतरून गेले. आत्याबाईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. 

मी दारात पाऊल टाकलं तोच मॅडम म्हणाल्या, "बसाच्या आंदी ऐक. कॅन्सर नाही."

आत्याबाई तिथंच, उंबऱ्यावर बसली.

ही पण त्यांची रीत. वाईट असलं तरी दारातच सांगायच्या. नागपूरला लोकांना बाकावर ताटकळत बसलेलं त्यांनी पाहिलं होतं. खुर्चीत बसवायचं, पाणी विचारायचं आणि मग सांगायचं, हे त्यांना पाप वाटायचं.

"पण वाटेवर होतं," त्या पुढे म्हणाल्या. "पेशी बिघडाले लागल्या होत्या. डाग अख्खा निघाला. खर्रा बंद, आन् दर तीन महिन्यानं तोंड दाखवाचं. जलमभर. मी का तू, जे आंदी जाईन तवर."

मग काड्या सुरू झाल्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. जितक्या मावतील तितक्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, आणि सवय झाली की आणखी एक सरकवायची. गल्लीत पोरं म्हणायची, काकूची डॉक्टरीन आइस्क्रीम स्वतः खाते आन् हिले काड्या देते. काडी एक वाढायची, मग आठवडा आठवडा वाढायची नाही. कधी रडू यायचं. मॅडम म्हणायच्या, "दाढ कशी निघते?" मी म्हणायची, "हलवत राहाचं, वाट पाहाची." "मंग?"

त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी तिसरं बोट आत गेलं. ओढून ताणून, पण गेलं. मी तशीच बोटं तोंडात धरून बसले, काढली तर परत जाणार नाहीत असं वाटून. मॅडम बाहेर डोकावून म्हणाल्या, "आत्याबाई, भाकर आणली का?"

तिनं आणली होती. ती गेले कितीतरी शुक्रवार आणत होती. मी त्या खुर्चीत बसून ठेच्यासकट घास खाल्ला आणि मॅडम हात बांधून, गुणगुणत, भुगा खाली पडताना बघत राहिल्या.

नंतर नवऱ्याला पुण्याकडे एका कंपनीच्या गाडीवर काम मिळालं आणि आम्ही वाघोलीला आलो. मी होस्टेलच्या स्वयंपाकघरात लागले. गावाची आठवण येते, डाग परत उठेल ही भीती तर रोजची. पण दर तीन महिन्यांनी सुट्टी मागायची, अमरावतीची गाडी धरून अकोल्याला उतरायचं आणि त्या खुर्चीत बसायचं, हे ठरलेलं. मुकादम म्हणे, पुण्यात काय दाताचे डॉक्टर नाहीत? मी म्हणे, आहेत, पण ते मले ओळखत नाहीत.

शेवटच्या खेपेला मॅडमनी दिवा ओढला नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात. मला वाटलं, थंडी असेल. त्यांनी मदतनीस बाईला सांगून माझ्या एका हातात आरसा दिला, दुसऱ्यात बॅटरी.

"आता तूच पाहा. मी सांगतो."

"मी? मले काय समजते?"

"डाळीतला खडा समजते ना? उजवीकडून सुरू कर."

मी बोटानं गाल ओढला. त्या बाजूला स्टुलावर बसून सांगत राहिल्या. गालाचा रंग बघ. दुसऱ्या बाजूसारखाच आहे का बघ. जीभ उचल, खालून बघ. टोक धरून कडा बघ. बोट फिरव, कुठं घट्ट लागते का. जुन्या जागेवर आले तेव्हा माझा हात हलत होता, उजेड नाचत होता. "हात हलला तर थांब," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

तेव्हा त्यांच्या खिशाकडे माझं लक्ष गेलं. उजव्या खिशातलं कापड हलत होतं. बारीक, सारखं, आत एखादी चिमणी धरून ठेवावी तसं.

त्यांनी माझी नजर पाहिली. खिशातून हात काढला, मांडीवर ठेवला, दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"म्या याले विचारलं," त्या म्हणाल्या, "लोकाच्या तोंडात जाशीन का. थे नाही म्हणते. मंग जबरदस्ती काहून करू." पुढे म्हणाल्या, "पुण्यात कोनी तरी पाहून ठेव. दुखाच्या आंदी जाजो. आन् मधात मधात स्वतः पाहत जाजो. डाग दिसला तर पंधरा दिवस. त्याच्यावर एक दिवस नाही."

मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "आरसा ठेव तुह्याजवळ. मले आता काय करायचा आहे तो." जिना उतरताना मला वरून गुणगुणणं ऐकू आलं. खोलीत रोगी नव्हता.

गेल्या दिवाळीला गेले तर त्या जागेवर मोबाइलची कव्हरं विकायला टांगलेली. भिंती दिसतच नव्हत्या. खालच्या मेडिकलवाल्याला विचारलं, मॅडम कुठं गेल्या? तो म्हणाला, "नागपूरले गेल्या होत्या, बहिणीपाशी. गेल्या." दुसऱ्यांदा 'गेल्या' म्हणताना त्यानं काउंटरवरच्या गोळ्या सरळ केल्या.  मग बस धरली.

या महिन्यात उजव्या गालात काही तरी दिसलं. पांढरं, तिळाएवढं. आरशात, खिडकीच्या उजेडात. कांदे तसेच राहिले. मी पंधरा दिवस थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी होस्टेलजवळच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगा, भिंतीवर किडक्या दाढांची चित्रं.

"कुठे दुखतंय?"

"दुखत नाही."

"मग?"

"दुखायच्या आधी आले," मी म्हटलं आणि तीन बोटं उभी करून तोंडात घातली. तो माझ्याकडे बघत राहिला. बोटं काढून मी गालातली जागा दाखवली, आधीचं सगळं सांगितलं. त्यानं दिवा ओढला. बघायला लागला.

खोलीत आवाज नव्हता. माझा पाय चपलेकडे सरकला. मग लक्षात आलं, हा कधीच गुणगुणत नाही, कोणासाठीच. त्याच्या गप्प बसण्याचा मला काही अर्थ लावता येत नव्हता. एवढं एकटं मला अमरावतीच्या त्या खुर्चीतही वाटलं नव्हतं.

"वरच्या दाढेचं टोक धारदार आहे, ते घासतंय बहुतेक," तो म्हणाला. टोक घासून दिलं. "पंधरा दिवसांनी दाखवा. गेलं नाही तर तुकडा काढून तपासू."

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

काल पंधरवडा भरला. दवाखाना दहाला उघडणार होता. मला धीर धरवेना. सकाळी, पोहे भिजत घालायच्या आधी, मागच्या खिडकीशी आरसा घेऊन उभी राहिले. हात हलला. थांबले. घाई नाही. उजवा गाल, दुसऱ्या बाजूसारखाच. पुन्हा पाहिला. तीळ नव्हता. जीभ, खालून, कडा. डावी जुनी जागा, बोट फिरवून. कुठं घट्ट नाही.

मग तीन बोटं. तिन्ही गेली.

नाकात आवाज आला होता, तोंड भरलेलं असल्यामुळे तिथंच अडकला. बोटं काढली, पदराला पुसली, आणि पोह्यांवर पाणी ओतता ओतता तो सोडून दिला. गाणं कोणतं ते मलाही ओळखता आलं नाही.